लेक वाटं लावताना

मराठवाड्यातलं लग्न बहुतेक दुपारी लागतं. पत्रिकेत साडेबाराचा मुहूर्त असतो, अक्षता पडेपर्यंत दीड वाजतो, पंगती उठेपर्यंत तीन. नवरीची माय सकाळपासून पायाला भिंगरी लावून फिरत असते. इवायांकडच्या कुणाला चहा गेला नाही, मामाचा आहेर कुठं ठेवला, करवलीची साडी कुणाच्या पिशवीत राहिली, हे सगळं तिच्याच डोक्यात असतं. रडायला तिला सवड नसते. चारच्या सुमाराला एखादी म्हातारी म्हणते, "चला गं, लेकीला वाटं लावायचंय." तेवढं ऐकलं की मायच्या हातातलं काम तिथंच राहतं.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत लेकीला वाटं लावायची रीत तालुका बदलला की बदलते. किनवट-माहूरकडं जंगल आणि बंजाऱ्यांचे तांडे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडं कितीतरी घरांत तेलुगू. निलंगा, देवणी, उदगीरच्या कडेला कन्नड. नांदेड शहरात तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या भोवती पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले दखनी शीख. उदगीर, औसा, कंधार इथं जुन्या मुस्लिम वस्त्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच्या खुणा लग्नाच्या मांडवात अजून सापडतात. पुण्याकडचा माणूस ज्याला मंगल कार्यालय म्हणतो, त्याला नांदेडचा माणूस सहज फंक्शन हॉल म्हणून जातो.

या रीती शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या की एक प्रश्न सारखा समोर येतो. जिचं घर बदलतंय, गाव बदलतंय, कधी नावही बदलतंय, तिला त्या घटकेला बोलायला जागा किती? बाकी सगळे बोलत असतात. बाप हात जोडून बोलतो, मामा बोलतो, भटजी मंत्र म्हणतात, बँडवाला १९६८ सालच्या ‘नीलकमल’ सिनेमातलं रफीचं गाणं वाजवतो. नवरी मान खाली घालून उभी असते.

झालीचंच पाहा. झाल म्हणजे लग्नातला जवळजवळ शेवटचा विधी. पोथीत त्याला ऐरिणीदान म्हटलं आहे. वेळूची परडी असते, तिच्यात कणकेचे दिवे लावलेले. नवरदेवाचे आईबाप, चुलता-चुलती अशी जवळची माणसं ओळीनं बसतात. नवरीचे आईबाप ती पेटती परडी एकेकाच्या डोक्याला टेकवत पुढं सरकतात आणि प्रत्येकापाशी तेच मागणं मागतात: लेकरू पदरात घ्या, चुकलंमाकलं पोटात घाला. दिव्यांची परडी डोक्यावर असली की माणसाला हलता येत नाही, मान वळवता येत नाही, शेजारच्याशी बोलता येत नाही. समोरचा बाप काय म्हणतोय ते ऐकूनच घ्यावं लागतं. बऱ्याच घरांत याच वेळी नवरीला सासूच्या मांडीवर बसवतात. सगळा मांडव साक्षीला असतो. कागद नाही, सही नाही, पण ‘तुमच्या डोक्यावर दिवे ठेवून लेक दिली होती’ असं पुढं भांडणाच्या वेळी सुनावलं जातं, इतकी ती गोष्ट पक्की असते. अर्थात, हा करार दोन घरांमधला. नवरीनं त्यात एक शब्दही उच्चारलेला नसतो.

देगलूर-बिलोलीच्या तेलुगू घरांत याच घटकेला अप्पगिंतलु म्हणतात. ताटात दूध घेतात. नवरीचे हात त्या दुधात बुडवून सासूच्या, सासऱ्याच्या, नवऱ्याच्या हातात देतात. दुधानं ओले झालेले हात एकमेकांत धरलेले असतात आणि नवरीची माय शेजारी उभी राहून रडत असते. कन्नड घरांतही मुलगी ‘ओपवून देण्याचा’ विधी आहे. वाद्यं वेगळी, भाषा वेगळी, पण मागणं तेच.

सीमेवरच्या या घरांची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती नकाशात दिसते. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा ते तोडून उस्मानाबादला जोडले गेले; लातूर जिल्हा तर १९८२ सालचा. १९५६ च्या त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यातला मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही सर्कलं आंध्र प्रदेशात गेली. किनवट आदिलाबादमधून इकडं आला. कागदावर रेघ ओढली गेली, पण सोयरीकी कोण तोडणार? उदगीरची लेक भालकीला दिलेली, जुक्कलची लेक देगलूरला आलेली. एका रात्रीत कितीतरी बायकांचं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं. रोटीबेटीचा व्यवहार आजही त्याच जुन्या वाटांनी चालतो, आणि पाठवणीच्या गाड्या देगलूरच्या पुढं किंवा देवणीच्या खाली निघाल्या की तासाभरात त्यांना दुसऱ्या राज्याची पाटी लागते.

मुस्लिम घरांत रुखसतीच्या आधी नवरा-नवरीला आरशात एकमेकांचा चेहरा दाखवतात, शेजारी कुराण असतं; त्याला आरसी-मुसहफ म्हणतात. हिंदू घरांतलं सूनमुख आठवावं, तिथंही सासू सुनेचा चेहरा आरशातच पाहते. रुखसतीनंतर चौथीला नवरी माहेरी येते आणि पुढं जुमागी सुरू होतात. जुमागी म्हणजे लग्नानंतरच्या शुक्रवारची जेवणं. हैदराबादी रिवाजात अशा पाच. नव्या जोडप्याला बोलवायचं, पोटभर खाऊ घालायचं आणि लेकीचा चेहरा नीट पाहून घ्यायचा. शिखांच्या आनंद कारजमध्ये गुरू रामदासांच्या चार लावा होतात आणि मग डोली निघते. निघताना मुलीनं मागं न पाहता डोक्यावरून घराकडं तांदूळ फेकायचे, ही पंजाबी रीत. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्या घरांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, तिथं त्रिशरण-पंचशील होतं. कन्यादान नाही आणि झालही नाही. लेक ही दान करायची वस्तू नाही, हे या घरांनी मांडवात उभं राहून सांगितलं, आणि हा बदल फार मोलाचा आहे. निघायची वेळ झाली की माय-लेकी गळ्यात पडतात ते मात्र तिथंही चुकत नाही.

निघायच्या घटकेला सगळीकडं नवरी गप्प. बंजाऱ्यांचा तांडा तेवढा याला अपवाद.

किनवट, माहूर, मुखेड, कंधार, इकडं जळकोट, अहमदपूर, रेणापूर या पट्ट्यात गोर बंजाऱ्यांचे शेकडो तांडे आहेत. गोरमाटी बोलीत नवरदेव म्हणजे वेतडू आणि नवरी म्हणजे नवलेरी. नवलेरीला वाटं लावताना ती स्वतः बोलते. नुसती बोलत नाही, सुरात, लांबलचक, शब्द जुळवत बोलते. याला ढावलो म्हणतात. लग्न ठरलं की तांड्यातल्या जाणत्या बाया पोरीला जवळ बसवून ढावलो शिकवायच्या. स्वयंपाक शिकवावा, कशिदा शिकवावा, तसंच रडायलाही रीतसर शिकवायचं. ही शिकवणी लग्नाच्या कितीतरी दिवस आधी सुरू व्हायची.

ढावलो एकटीनं म्हणायचा नसतो. नवलेरी एका बाईच्या गळ्यात हात टाकते, तिच्या खांद्यावर डोकं ठेवते आणि तिला उद्देशून सूर धरते. ती बाई तिला धरून उभी असते, मधूनमधून तीही सूर देते. याडीसाठी म्हणजे आईसाठी वेगळा ढावलो, बापासाठी वेगळा, भावासाठी, भावजयीसाठी, मैत्रिणीसाठी वेगळा. बापाला ती विचारू शकते की मला इतक्या लांब का दिलंस. भावाला सांगू शकते की मला विसरू नकोस, न्यायला ये. आईच्या हातचं खाल्लेलं, मैत्रिणींबरोबर पाण्याला गेलेलं, शेळ्यांमागं फिरलेलं, सगळं ती नावानिशी मांडते. तक्रार करायची मुभा असते, आणि कुणी तिला मध्येच गप्प बसवत नाही. एकीचा गळा सुटला की दुसरीचा धरते. तांड्यातल्या बायका आपली पाळी येण्याची वाट पाहत थांबलेल्या असतात, कारण आपल्या नावाचा ढावलो व्हावा असं प्रत्येकीला वाटतं.

मग येते हवेली. नवलेरीला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं करतात. दोन्ही हात वर उचलून ती बापाच्या तांड्याकडं तोंड करून हवेली म्हणते. ढावलोत माणसांचा निरोप असतो. हवेलीत सगळ्या तांड्याचा. बापाचं घर भरलेलं राहो, गुरंढोरं वाढोत, तांड्याचा नायक सुखी राहो असा आशीर्वाद ती देते. जिला घरातून पाठवायचं तीच उंचावर उभी राहून मागं राहणाऱ्यांना आशीर्वाद देते. पाठवणीच्या इतक्या रीतींत नवरीला एवढी उंची दुसरीकडं कुठं दिसत नाही, शब्दशः आणि मानानंही.

बैलच का, याचं उत्तर या समाजाच्या इतिहासात आहे. बंजारा हा लदेणीचा समाज. हजारो बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून तो देशभर व्यापार करायचा, लष्करांना रसद पुरवायचा. बैल हेच त्याचं घर आणि हीच दौलत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या आणि लदेणी बसली. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि त्याच्या झळा फिरत्या समाजांना बसल्या. तो डाग कायद्यानं पुसला जायला १९५२ साल उजाडावं लागलं. व्यापार गेला, फिरणं गेलं, पण लेक वाटं लावताना बैल लागायचा तो लागतच राहिला. आता दावणीला बैलच कमी झाले, तशी बैलावरची हवेलीही विरळ झाली. ढावलो शिकवणाऱ्या जाणत्या बाया थकल्या आहेत. शाळा-कॉलेजात मराठी, इंग्रजी शिकलेल्या पोरींना गोरमाटीतला तो जुना सूर जड जातो. यूट्यूबवर ढावलोचे व्हिडिओ आहेत, पण ते ऐकणं वेगळं आणि याडीच्या गळ्यात पडून स्वतःचे शब्द जुळवणं वेगळं. बोलीभाषांसाठी, लोककलांसाठी विद्यापीठांतून प्रकल्प निघतात. त्यातला एक तरी या तांड्यांतल्या बायांच्या दारात जायला हवा, त्या आहेत तोवर.

बाकीच्या समाजांतल्या बायका कुठंच बोलल्या नाहीत, असं मात्र नाही. त्या उशिरा बोलल्या. पहाटे, सासरी, जात्यावर. सासर-माहेर, भाऊ न्यायला न येणं, बापानं दिलेलं लांबचं गाव, मायची आठवण, या सगळ्यावर मराठवाड्यातल्या बायकांनी रचलेल्या ओव्यांना अंत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांचा आवाजही त्या संग्रहात आहे. नवलेरी जे निघायच्या दिवशी चारचौघांत म्हणते, तेच बाकीच्या लेकी पुढची तीस-चाळीस वर्षं दळता-दळता म्हणत राहिल्या. पिठाची गिरणी आली आणि तीही जागा गेली.

जुन्या काळी नवरी निघायची दमणीतून. वर ताडपत्री किंवा चटईचं छत, आत गोधडी, पुढं झुली घातलेली बैलजोडी. या दोन जिल्ह्यांना बैलांचं भाग्य मोठं: लातूरकडं देवणी, नांदेडकडं लाल कंधारी, दोन्ही नावाजलेल्या जाती इथल्याच. आंदण म्हणून बाप लेकीला गाय द्यायचा, ती गाडीमागं बांधून चालायची. नवरीसोबत पाठराखीण असायची, म्हणजे माहेरची एखादी बाई. कधी आजी, कधी आत्या, कधी धाकटी बहीण. परक्या घरातले पहिले दोन-चार दिवस ओळखीचं एक तरी माणूस जवळ असावं, एवढाच तिचा हेतू. सोबत दुरडीत शिदोरी: करंज्या, कानवले, पुऱ्या, धपाटे. पुढं एसटी आली. लग्नासाठी गाडी ठरवण्याला एसटीच्या भाषेत प्रासंगिक करार म्हणतात, आणि लगीनसराईत हे करार करायला आगारात रांग लागायची. परतीच्या लाल गाडीत पुढच्या बाकावर नवरा-नवरी, मागं हलगी, आणि मधल्या वाटेत आंदणाची भांडी. आता क्रुझर आणि फुलांनी सजवलेली कार. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, सरकारनं लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच सूट ठेवली, तेव्हा पाठराखीण नेण्याचा प्रश्नच उरला नाही. त्या वर्षी जी रीत सुटली ती बऱ्याच घरांत पुन्हा धरली गेली नाही.

सासरच्या गावात आधी वेशीतल्या मारुतीला नमस्कार, मग घराच्या दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. नणंद दार अडवून उभी राहते आणि भावाकडून कबूल करून घेते की तुला लेक झाली तर माझ्या लेकाला देशील. मामाच्या पोरीशी लग्न हा या भागात जुना रिवाज, त्याची ही उघड मागणी. मग नवरीनं उखाणा घ्यायचा. दिवसभरात तिला बोलायला मिळालेली ही पहिली संधी, आणि तिच्यात नाव मात्र नवऱ्याचं घ्यायचं! त्यानंतर ती माप ओलांडते. पुढच्या दिवसांत काकण सोडतात, जागरण-गोंधळ होतो. देवदेव करायला जोडपं कुलदैवताला जातं: कुणी तुळजापूरला, कुणी माहूरच्या रेणुकेला, कुणी लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाला.

काही नवऱ्या माप ओलांडून घरात जातात आणि महिन्याभरात त्या घराला कुलूप लागतं. मुखेड, कंधार, जळकोटकडच्या तांड्यांतून, वाड्यांतून दरसाल दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. लग्न झालं की अर्ध्याचा पुरा होतो. आईबाप फडावर, घरी वयात आलेली पोर एकटी, तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? म्हणून हंगामाच्या आत तिचं लग्न उरकून टाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, म्हणजे पाचांत एकीहून जास्त. ऊसतोडीच्या घरांतल्या पोरींची पाठवणी उसाच्या फडावरच्या कोपीत होते. तिथं माप नाही, उंबरठाही नाही.

आणि ज्यांचं लग्न थाटात होतं, त्यांच्या बापाचं काय? सोयरीक जमली की बैठकीत यादी होते. सोनं किती, मांडव कुणाचा, फंक्शन हॉलचं भाडं कुणी भरायचं, नवरदेवाचा पोशाख, मानपानाच्या साड्या, सगळं कागदावर उतरतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. यादीत हुंडा हा शब्द नसतो, एवढाच त्याचा परिणाम. सोयाबीनला भाव नाही, पाऊस नाही, आणि यादी मात्र दरवर्षी लांबत जाते. एप्रिल २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या २१ वर्षांच्या लेकीनं बापाजवळ लग्नाला पैसा नाही आणि ही देण्याघेण्याची रीत थांबली पाहिजे असं लिहून ठेवलं आणि जीव दिला. तिला जे बोलायचं होतं ते बोलायला तिच्या आयुष्यात जागा मिळाली नव्हती. सामूहिक विवाहांनी आणि सरकारच्या शुभमंगल योजनेनं थोडा भार हलका केला आहे, पण यादी करणारी बैठक बदलल्याशिवाय हे थांबणार नाही.

लेक वाटं लावली की नातं तुटलं, असं इथल्या जुन्या माणसांनी कधी मानलं नाही. निघण्याच्या रीतींइतक्याच परत आणण्याच्या रीती त्यांनी बांधून ठेवल्या. चार-दोन दिवसांत माहेरचा मुराळी जातो, भाऊ किंवा चुलता, आणि लेकीला घेऊन येतो. ही मांडवपरतणी. सोबत जावई असतो, त्याला पुरणपोळीचं जेवण, टोपी-टॉवेल. खरं काम आत चुलीपाशी चाललेलं असतं. माय, आत्या, आजी तिला मधे घेऊन बसतात. सासू कशी, जेवायला कधी वाढतात, नवरा पितो का, घरात पाणी कुठून आणावं लागतं, हे सगळं तिथं निघतं. लग्नाच्या दिवशी जी बोलली नाही ती इथं बोलते, आणि बोलताना तिला ऐकणाऱ्या बायका आपल्याच असतात. बापाला खरी खबर याच बायकांकडून मिळते. पुढं पंचमीला झोक्यासाठी, मग दिवाळसणाला, मग मार्गशीर्ष अमावस्येच्या येळवशीला. लातूर भागात येळवशीला भज्जी-आंबील घेऊन सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पांडव पुजतात, आणि नव्या लेकी-जावयाला बोलावणं असतंच असतं.

आज फोन आहे. लेक सासरच्या वाटेवर असतानाच मायला व्हिडिओ कॉल करते. मुलगा पुण्याला कंपनीत, सुट्टी चार दिवसांची. त्यात देवदेव करायचं की मांडवपरतणी? बऱ्याचदा मांडवपरतणी गाळली जाते, किंवा दुपारी येऊन जेवून संध्याकाळी निघतात. पण फोन घेताना सासू शेजारच्या खोलीत असते. चुलीपाशी निघणारं बोलणं त्यावर निघत नाही. दिवाळसण, पंचमी पुढंमागं झाली तरी चालेल. लग्नानंतरची पहिली मुक्कामाची मांडवपरतणी कुणी सोडू नये, पाठराखीण आणि मुराळी दोघंही पुन्हा आणावेत. यादीत सोन्याचे तोळे लिहिता तर मुराळी कोणत्या तारखेला येणार आणि लेक किती रात्री माहेरी राहणार हेही त्याच कागदावर, दोन्ही घरांसमोर लिहा. खर्चाची सबब तर राहिलेलीच नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धंच तिकीट आहे, आणि पंचमीच्या आदल्या दिवशी लातूरच्या, नांदेडच्या स्टँडवर पाहिलं तर त्या सवलतीचा उपयोग लेकींनी कशासाठी केला हे विचारावं लागत नाही.